काचेची हाडं आणि एकवीस किलोमीटर

मंडळी, गेले तीन विकांत इथे काही खरडलं नाही. आळस हे नेहमीचं कारण यावेळी नाही. शनिवार-रविवार पहाटे पाचला उठून पाषाणच्या टेकडीवर धापा टाकत होतो. ज्यांनी मला कॉलेजात पाहिलंय त्यांनी हसून घ्या, मी थांबतो. :)

तर झालं असं की जानेवारीतल्या एका अर्धमॅरेथॉनला नाव नोंदवलंय, एकवीस किलोमीटर. आणि नोंदवल्यावर हापिसात सगळ्यांना मेल टाकली की मी धावतोय, तुम्ही किलोमीटरमागे जमेल तेवढे पैसे द्या. पैसे माझ्या मावसबहिणीच्या मुलीच्या उपचारासाठी. ती नऊ वर्षांची आहे, शहाद्याजवळच्या एका गावात राहते आणि तिची मांडीची हाडं आतापर्यंत पाच वेळा मोडली आहेत. पहिल्यांदा मोडलं तेव्हा ती तीन महिन्यांची होती आणि तिची आई तिचं लंगोट बदलत होती.

त्या पहिल्या वेळी एका दवाखान्यात बहिणीला विचारलं गेलं, "पोरगी हातातून पाडली का?" दुसऱ्या वेळी जरा वेगळ्या सुरात विचारलं गेलं. तिसऱ्या वेळी नातेवाइकांतच कुजबुज सुरू झाली. निदान व्हायला दोन वर्षं लागली. पण आमच्या आजीने निदान त्याआधीच केलेलं होतं. पोरीला कोणी उचलायला गेलं की ती ओरडायची, "हळू धर रे भो, तिना हाडे काचना शेतस!" काचेची हाडं आहेत तिची. आजी शाळेत गेलेली नव्हती. डॉक्टरांच्या कागदावर जे नाव आलं ते 'ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा', आणि बोली इंग्रजीत त्याला जे म्हणतात त्याचा अर्थ आजीच्या वाक्याच्या अगदी जवळ जातो.

मेल टाकल्यावर टीममधल्या एकाने जेवताना विचारलं, "पैसे हवेत तर सरळ माग ना. धावायचं कशाला? तू धावल्याने तिचं हाड जुळणारे का?"

प्रश्न चोख होता. मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं आणि डबा बंद केला. पण प्रश्न डोक्यात राहिला. म्हटलं शोधूया, हे 'दुसऱ्यासाठी स्वतःचं अंग झिजवायचं आणि पैसे गोळा करायचे' प्रकरण आलं कुठून?

आधी आजाराबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी संगणकवाला असलो तरी इंजिनियरिंगला पहिल्या वर्षी सगळ्यांना सिव्हिलचा एक पेपर असतो, त्यातलं एवढं लक्षात आहे: काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून आत सळई घालायची. हाडाचं अगदी तसंच. कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज हे काँक्रीट आणि कोलॅजेन नावाचं प्रथिन ही सळई. या आजारात बहुतेक वेळा कोलॅजेनची सूचना लिहिलेल्या दोन जनुकांपैकी एकात चूक असते. कोलॅजेनची साखळी तीन पदरी, वेणीसारखी. वेणी घट्ट बसायची तर दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सगळ्यात लहान अमिनो आम्ल असावं लागतं. तिथे एखादं मोठं आम्ल येऊन बसलं की वेणी विस्कटते. हजारो अक्षरांत एका अक्षराचा बग! आमच्याकडे असा बग निघाला तर पॅच टाकून मोकळे होतो. इथे तशी सोय नाही. बरं, ही तीन पदरी वेणी ओळखण्यात मोठा वाटा आपल्या माणसांचा आहे: मद्रासचे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता, १९५४-५५ साल. मला हे माहीतच नव्हतं. बारावीपर्यंत जीवशास्त्र होतं तरी.

आजार नवा नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन बाळाची ममी आहे, तिच्या हाडांत याच खुणा सापडल्या. १७८८ साली ओलॉस एकमन नावाच्या स्वीडिश माणसाने आपल्या प्रबंधात एका कुटुंबाच्या पिढ्यानपिढ्या मोडणाऱ्या हाडांचं वर्णन केलं. १८४९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या व्रोलिकने आजचं नाव दिलं. १९५९ साली सोफील्ड आणि मिलर या अमेरिकन शल्यविशारदांनी वाकलेलं हाड तुकडे करून, ते तुकडे एका सळईत मणी ओवल्यासारखे ओवून सरळ करायची पद्धत मांडली (सळईच पुन्हा!). १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिलेन्सने आजाराचे चार प्रकार पाडले, आता त्यात बरीच भर पडली आहे. आणि १९९८ साली माँट्रियलच्या ग्लोरियो यांच्या गटाने मुलांना पॅमिड्रोनेट हे औषध ठरावीक अंतराने शिरेतून दिल्याचे निकाल छापले. हाडांची घनता वाढली होती, मुलं जास्त हिंडू-फिरू लागली होती. आजार त्याने बरा होत नाही. पण अंथरुणात जाणारं आयुष्य अंगणात येऊ शकतं, एवढा फरक पडतो.

१५-२० हजार जन्मांत एखादं मूल असं असतं, असं साधारण मानतात. म्हणजे जिल्ह्याला मोजकीच. आणि मोजकी असणं हीच या आजाराची खरी अडचण आहे.

आता धावण्याकडे. मित्राच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला जालावर मिळालं नाही, ते घरीच होतं. आमच्या खान्देशात चैत्र पौर्णिमेच्या आधी रस्ते बघा. धुळे, नंदुरबार, जळगावकडून माणसांच्या रांगाच्या रांगा वणीच्या सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेल्या असतात. उन्हाचा तडाखा, पायाला फोड, खांद्यावर झेंडा. त्यातले कित्येक जण नवस फेडत असतात, आणि नवस पुष्कळदा पोराच्या दुखण्याचा असतो. आमची ही पोर दुसऱ्यांदा प्लास्टरमध्ये गेली तेव्हा तिच्या आजोबांनी, म्हणजे आमच्या आबांनी, पायी वणी केली होती. तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. इंजिनियर ना! आता जरा लाजल्यासारखं होतं, कारण मी वेगळं काय करतोय? पोराच्या दुखण्यासाठी आपल्या पायांना त्रास द्यायचा, एवढंच. आबांकडे टायमिंग चिप नव्हती इतकंच.

एक फरक मात्र आहे. नवसाच्या चालण्यातून दवाखान्याचं बिल निघत नाही. चालणं आणि देणं या दोन गोष्टी कोणीतरी एकत्र बांधाव्या लागतात.

आपल्याकडे हे बांधण्याचं काम सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केलं ते विनोबांनी. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते, गीतेवरची प्रवचनं तिथलीच, साने गुरुजींनी उतरवून घेतलेली. नंदुरबार तेव्हा त्याच पश्चिम खान्देश जिल्ह्यात होतं, त्यामुळे विनोबांवर आमचाही थोडा हक्क आहे असं मी समजतो. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि मग हा पोटाच्या अल्सरचा म्हातारा तेरा वर्षांहून अधिक काळ देशभर चालत राहिला, जमीन मागत. मिळालेल्या जमिनीतली बरीच खडकाळ निघाली, बरीच वाटली गेलीच नाही, हेही खरं आहे. पण मोटारीतून आलेल्या माणसाला कोणी एकर दिला असता का? पायी आलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं जड जातं, हा शोध मॅरेथॉनवाल्यांचा नाही.

बाबा आमट्यांचं तर मला जास्तच आश्चर्य वाटतं. मणक्याच्या आजाराने त्यांना बसता येत नव्हतं, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. अशा अवस्थेत १९८५ च्या डिसेंबरात त्यांनी कन्याकुमारीहून 'भारत जोडो' काढलं. तरुण मुलंमुली सायकलवर आणि बाबा सोबतच्या गाडीत. ते पैशासाठी नव्हतं, आजारासाठीही नव्हतं. पण ज्याचा मणका साथ देत नाही त्याने सायकल मोहीम काढावी यात मला काहीतरी महत्त्वाचं वाटतं: मोहीम ज्याची, पाय त्याचेच असले पाहिजेत असं नाही. १९९० नंतर बाबा नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले. आमच्या धडगाव तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहते तीच नर्मदा, जरा वरच्या अंगाला.

बाहेरच्या जगात गोष्ट पैशाशी जोडली गेली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेत 'मार्च ऑफ डाइम्स' ही मूळची पोलिओसाठीची संस्था. पोलिओची लस निघाल्यावर तिने जन्मजात आजारांकडे मोर्चा वळवला आणि १९७० मध्ये पहिली 'वॉकेथॉन' भरवली. इतके मैल चाला, मैलामागे शेजाऱ्यांकडून इतके पैसे घ्या.

मग १९८० साली टेरी फॉक्स. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो. हाडाच्या कॅन्सरने १९७७ मध्ये उजवा पाय गुडघ्याच्या वर कापलेला कॅनडाचा पोरगा. १२ एप्रिल १९८० ला अटलांटिकच्या काठावरून निघाला, कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. मागणी काय तर प्रत्येक कॅनेडियनाकडून एक डॉलर. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थांबावं लागलं, कॅन्सर फुफ्फुसात पोचला होता. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४१ लाख डॉलर जमा झाले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतके. जून १९८१ मध्ये तो गेला, बावीस वर्षांचा.

यात मला जे दिसलं ते आधी कधी दिसलं नव्हतं. टेरीचं धावणं अर्धवट राहिलं. तरी काम पुढे गेलं, कारण सप्टेंबर १९८१ पासून त्याच्या नावाची दौड दरवर्षी भरू लागली आणि आजही भरते.

१९८८ चं न्यूयॉर्क मॅरेथॉनही असंच. ब्रूस क्लेलँड या माणसाच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. त्याने ३८ जणांना गोळा केलं, सराव केला, धावले आणि ३ लाख २२ हजार डॉलर उभे केले. 'टीम इन ट्रेनिंग' नावाची पद्धत त्यातून निघाली: न धावणाऱ्या माणसाला आम्ही धावायला शिकवतो, तू पैसे गोळा कर. माझ्यासारख्या पोट सुटलेल्या संगणकवाल्यांसाठीच केलेली योजना म्हणा ना. मुंबईत ही हवा आली १५ फेब्रुवारी २००४ ला, पहिल्या मुंबई मॅरेथॉनबरोबर. सहा किलोमीटरची 'ड्रीम रन', छातीवर संस्थेचं नाव, वेशभूषा, ढोल. नाकं मुरडणारे पुष्कळ होते, आहेत. पण दरवर्षी कोट्यवधी रुपये शेकडो संस्थांना मिळतात ते याच ढोलांतून.

आणि काचेच्या हाडांचं काय? त्यांच्यासाठी पहिली मोठी खटपट धावणाऱ्या कुणी केली नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या मार्गारेट ग्रँट या बाईंना स्वतःला हा आजार होता. १९६८ मध्ये त्यांनी याच आजाराची संस्था काढली. तिथल्या कुटुंबांना एकमेकांची गाठ पडावी, मुलांना चाकाची खुर्ची मिळावी, एवढ्यासाठी. लंडन मॅरेथॉन सुरू झाली १९८१ ला, म्हणजे तेरा वर्षांनी. आज त्या संस्थेसाठी लोक लंडनला धावतात. क्रम लक्षात घ्या: आधी संस्था, आधी हिशोबाची वही, मग धावणारे.

वहीचा मुद्दा फालतू नाही. २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत इंग्लंडच्या कॅप्टन टॉम मूर या शंभरीच्या आजोबांनी वॉकर धरून बागेत शंभर फेऱ्या मारल्या. एक हजार पौंडांचं उद्दिष्ट होतं, जमले ३ कोटी २० लाखांहून जास्त. आजोबांचं स्वतःचं खुब्याचं हाड दोन वर्षांपूर्वी मोडलेलं. ते पैसे आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांना नीट पोचले. पण नंतर त्यांच्या नावाने जी वेगळी संस्था काढली गेली तिच्यातून कुटुंबाने स्वतःचा फायदा करून घेतला, असा ठपका तिथल्या नियामक आयोगाने २०२४ मध्ये ठेवला. हे वाचलं त्या रात्री मी माझी एक्सेल शीट सगळ्या देणगीदारांना बघता येईल अशी करून टाकली.

आता आमच्याकडची परिस्थिती. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. आदिवासीबहुल, अर्धा सातपुड्यात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतून आजही रुग्णाला बांबूला झोळी बांधून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, नर्मदेकाठच्या गावांना बोटीतून दवाखाना जातो. या झोळीत मोडकं हाड कसं प्रवास करत असेल याची कल्पना करा. जिल्ह्यात सिकलसेल पुष्कळ आहे, त्याला निदान नाव आहे, शिबिरं आहेत, २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत जागा आहे, १ जुलै २०२३ ला सुरू झालेलं राष्ट्रीय अभियान आहे (तारीख जिल्ह्याच्या वाढदिवसाची, योगायोग). काचेच्या हाडांचं नाव त्या २१ प्रकारांत वेगळं नाही. चालण्या-फिरण्याच्या अपंगत्वात बसवून घ्यावं लागतं.

केंद्राचं दुर्मिळ आजारांचं धोरण २०२१ मध्ये आलं. त्याच्या यादीत मात्र हा आजार आहे, त्याच्या औषधासकट. निवडक केंद्रांत उपचारासाठी २०२२ पासून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि लोकांनी थेट देणगी द्यावी म्हणून सरकारनेच एक संकेतस्थळही काढलं. महाराष्ट्रातलं सुरुवातीचं केंद्र म्हणजे मुंबईचं केईएम. शहाद्याहून नंदुरबारला एस.टी., तिथून सुरतमार्गे रात्रीची रेल्वे, वाटेत अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत असलेलं नवापूर स्टेशन, आणि सकाळी मुंबईची लोकल. मांडीत सळई असलेल्या मुलीला घेऊन लोकलमध्ये चढून बघा एकदा. मी एकदा सोबत गेलो होतो. माझे सगळे एकवीस किलोमीटर त्या दादरच्या जिन्यापुढे काही नाहीत.

आणि इथेच मला मित्राच्या प्रश्नाचं खरं अवघड टोक सापडलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीला स्नायूंच्या आजारावर १६ कोटींचं इंजेक्शन लोकवर्गणीतून मिळालं, तुम्हीही कदाचित पैसे पाठवले असतील. एक रक्कम, एक तारीख, एक आनंदाचा फोटो. लोकवर्गणीला असं आवडतं. काचेच्या हाडांना १६ कोटी लागत नाहीत. त्यांना दर काही महिन्यांनी एक सलाईन लागतं, मूल उंच झालं की सळई बदलावी लागते, फिजिओथेरपी, कॅलिपर, खुर्ची, आणि प्रत्येक वेळी आई किंवा बापाची बुडालेली मजुरी. पंधरा वर्षं. फोटो काढण्यासारखा एकही दिवस त्यात नाही. बहिणीने मागच्या वर्षी एक हप्ता चुकवला तो औषध महाग म्हणून नव्हे, कापूस वेचणीचे दिवस होते म्हणून.

म्हणजे मी जानेवारीत धावलो, मेडल गळ्यात घातलं, पैसे दिले आणि फेब्रुवारीत विसरलो तर ते आबांच्या नवसाहून फार वेगळं होणार नाही. म्हणून मेल पुन्हा लिहिली. एकरकमी मागणी काढली आणि विचारलं की महिन्याला शंभर रुपये, पाच वर्षं, कोण देणार? पहिल्या मेलला एकवीस जण तयार झाले होते. दुसऱ्या मेलला नऊ. प्रश्न विचारणारा मित्र त्या नवांत आहे, हे मुद्दाम नोंदवतो.

आणखी एक. पूर्वी अशा मुलांना जपून जपून अंथरुणातच ठेवत. पण १८९२ साली युलियस वोल्फ या जर्मन डॉक्टराने मांडलंय की हाड भार पडेल तसं घडतं. भार काढून घेतला की ते आणखी झिजतं. म्हणून आता डॉक्टर सांगतात, जपा पण उभं करा, पाण्यात पोहू द्या. आमच्या गावात पोहण्याचा तलाव कुठला? ती कॅलिपर लावून भिंतीला धरून उभी राहते आणि कॅलेंडरवर मिनिटं लिहिते. दिवाळीत गेलो तेव्हा अकरा मिनिटांवर आली होती.

माझ्या धावण्याची पद्धत तिला नीट समजावून सांगितली, किलोमीटरमागे पैसे वगैरे. तिने लगेच आबांशी करार केला: मिनिटामागे एक रुपया. परवा फोनवर म्हणाली, "मामा, तीनशे चाळीस झाले, आबा देत नाहीत."

आबांचं म्हणणं, कापसाचे पैसे आल्यावर देतो.